घरचें केळवण

गेल्या अंकांत रुखवताविषयीं लिहितांना आम्हीं केळवणाचा ओझरता उल्लेख केला होता. तो वाचून एका भगिनीनें आम्हांस पत्र पाठविलें आहे. पत्राचा सारांश असा: घर एकत्र, माणसें चौदा, मिळवतीं दोन. धाकट्या दिरांच्या मुलीचें लग्न ठरलें आहे. वडील मंडळींचें म्हणणें, केळवण रीतीप्रमाणें झालें पाहिजे. मुलीच्या मैत्रिणींचें म्हणणें, हल्लीं सर्वत्र 'ब्रायडल शॉवर' होतो, तो झाला पाहिजे. तिकडे मुलीच्या मामांनीं एका उपाहारगृहांत चाळीस पानांचें केळवण केल्यामुळें आपलें आतां त्याहून उणें दिसूं नये, असें घरांतील कित्येकांस वाटूं लागलें आहे. लग्नाचा खर्च वजा जातां हातीं पैसे मात्र फारच थोडे राहतात. तेव्हां थोडक्या पैशांत केळवण कसें करावें, आणि केलेलें कमी दिसूं नये म्हणून काय करावें, असा त्या भगिनीचा प्रश्न आहे.

ह्यांतील पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे, तें पुढें आम्ही मापांसकट देऊं. दुसऱ्याचें उत्तर देणें कठीण. कारण गेल्या वर्षीं तोच प्रश्न आमच्याही घरीं उभा राहिला होता, आणि त्याचें चुकीचें उत्तर देण्याच्या अगदीं बेतांत आम्ही येऊन ठेपलों होतों. ती हकीकत सांगितल्यावांचून उपदेश करणें अप्रामाणिकपणाचें होईल.

प्रथम केळवण म्हणजे काय तें पाहूं. लग्न किंवा मुंज ठरली म्हणजे आप्तस्वकीयांनीं त्या मुलास वा मुलीस आईबापांसह घरीं जेवावयास बोलवावें, पाटाभोंवतीं रांगोळी काढावी, औक्षण करावें, गोडाधोडाचें वाढावें, नांव घ्यावयास लावावें, मुलगी असल्यास ओटी भरावी आणि यथाशक्ति आहेर करावा, इतकाच त्याचा विधि. जुन्या घरांतून ह्यासच गडगनेर असाही एक शब्द होता. ह्या विधीस मंत्र नाहीं आणि भटजीही लागत नाहीं. हा शुद्ध लोकाचार आहे. परंतु लोकाचार म्हणून त्याची योग्यता कमी, असें समजण्याचें कारण नाहीं. आश्वलायन गृह्यसूत्रांत विवाहप्रकरण सुरू होतांच सूत्रकार सांगतात कीं, देशोदेशींचे व गांवोगांवचे आचार निरनिराळे असतात, ते विवाहांत पाळावे. आपस्तंबाचें सांगणें तर असें कीं, अशा प्रसंगींचे आचार स्त्रियांपासून समजून घ्यावे. अर्थात् केळवणाच्या बाबतींत प्रमाण कोण, तर घरांतील वृद्ध स्त्रिया. उपाहारगृहाचा व्यवस्थापक नव्हे, आणि आमच्यासारखा निवृत्त मास्तरही नव्हे. हें सूत्र आम्हीं विद्यार्थिदशेंत पाठ केलें होतें; त्याचा अर्थ मात्र साठी उलटल्यावर कळला.

आतां ब्रायडल शॉवरविषयीं. ही चाल अमेरिकेंतली. शॉवर म्हणजे पावसाची सर. लग्नापूर्वीं मैत्रिणी व आप्त स्त्रिया एके ठिकाणीं जमून वधूवर भेटवस्तूंची जणूं सर पाडतात, म्हणून हें नांव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही चाल तिकडे रूढ होत गेली. तिच्या उगमाची एक दंतकथा सांगतात. हॉलंड देशांतील एका मुलीचें मन एका गिरणीवाल्यावर बसलें. गोरगरिबांस फुकट पीठ देऊन तो स्वतः गरीब राहिलेला. बापास असला जांवई नको होता, म्हणून त्यानें मुलीस कांहींएक द्यावयाचें नाकारलें. तेव्हां गांवच्या लोकांनीं, ज्याच्या घरीं जें होतें तें, कोणीं भांडें, कोणीं चादर, असें आणून दिलें आणि तिचा संसार उभा केला. दंतकथा ती दंतकथाच; परंतु ती सांगणाऱ्यांस ह्या चालीचा अर्थ काय वाटत होता, हें तीवरून स्पष्ट होतें. मुलीस उणें पडत होतें तें शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं भरून काढलें, हा तो अर्थ. फुग्यांची कमान आणि भाड्याचें सिंहासन हीं मागाहून आलीं. तेव्हां मैत्रिणींच्या ह्या हौसेस वडील मंडळींनीं परकी म्हणून नाक मुरडूं नये. सख्यांनीं वधूस सजविण्याची चाल आपणांकडेही मुळींच नवी नाहीं.

कालिदासाच्या शाकुंतलाचा चौथा अंक आमच्या बहुतेक वाचकांनीं मुळांत नाहीं तरी भाषांतरांत वाचलेला असेल. शकुंतला सासरीं जावयास निघाली आहे. स्थळ पडलें तपोवन. तेथें दागिना कोठून येणार? परंतु तिच्या सख्यांनीं ह्या दिवसाची तजवीज आधींच करून ठेविली आहे. अनसूयेनें बकुळीच्या फुलांची माळ नारळाच्या डबींत घालून ती डबी आंब्याच्या फांदीस टांगून ठेविली आहे. बकुळ सुकली तरी तिचा वास जात नाहीं, म्हणून हीं फुलें. गोरोचन, तीर्थाची माती आणि दूर्वांचे कोंवळे अंकुर, एवढेंच काय तें मंगल उटणें. पुढें तपोवनांतील वृक्षांनीं वस्त्राभरणें दिलीं, तेव्हां तीं कशीं घालावीं हें ह्या मुलींस ठाऊक नव्हतें. चित्रांत पाहिलें होतें, त्या आधारानें त्यांनीं तीं सखीच्या अंगावर चढविलीं. तापसींनीं येऊन आशीर्वाद दिले. ह्या साऱ्या प्रसंगांत सख्यांनीं एक कवडीही वेंचलेली नाहीं. तजवीज मात्र कितीतरी दिवसांची आहे. खर्च आणि तजवीज ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत, आणि केळवण हें तजविजीनें होतें, खर्चानें होत नाहीं, हें आमच्या आजच्या लेखाचें तात्पर्य होय.

आतां आमची हकीकत. गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलीचें लग्न झालें. तिचें पहिलें केळवण आमच्या चुलत घराण्यांतील एका सधन बंधूंनीं केलें. उपाहारगृहांतील स्वतंत्र दालन, फुग्यांची कमान, छायाचित्रकार, आणि निघतांना प्रत्येक सवाष्णीच्या हातीं चांदीचा करंडा. दुसरें केळवण मुलीच्या मावशीकडचें. तेंही तसेंच, करंड्याच्या जागीं निरांजन. तिसरें आमचें व्हावयाचें होतें. घरांत वडील आम्ही. आमच्या मनानें असें घेतलें कीं, मुलीच्या सख्ख्या घरचें केळवण ह्या दोहोंपेक्षां हलकें झालें तर धाकट्या बंधूंस खालीं पाहावें लागेल. आम्हीं एक मुदत ठेव मोडावयाचें योजिलें, आणि एका दालनाची चौकशी करण्यास चिरंजीवांस पाठविलें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आमच्या सूनबाईंनीं एक साधा प्रश्न विचारला: "मामंजी, वहिनीकाकूंकडचें केळवण कधीं आहे?"

ह्या वहिनी म्हणजे आमच्या दिवंगत वडील चुलतबंधूंच्या पत्नी. गांवांतच दोन खोल्यांत एकट्या राहतात. साड्यांस फॉल लावून देतात, त्यावर त्यांचें चालतें. आमच्या पुतणीची शाळा त्यांच्या घराजवळ होती. तिची आई आजारी होती त्या दोन वर्षांत मुलगी रोज दुपारीं वहिनींकडे जेवत असे. आतां तिचें लग्न ठरलें असतां त्यांच्याकडून बोलावणें आलेलें नव्हतें, आणि आमच्यांतील एकाच्याही तें लक्षांत आलें नव्हतें. आमच्या सौ. म्हणाल्या, "त्यांचे गुडघे दुखतात, असें मागें म्हणत होत्या." सूनबाई कांहींच बोलल्या नाहींत. त्यांचें तें न बोलणें आम्हांस झोंबलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही स्वतः वहिनींकडे गेलों. गुडघ्यांची चौकशी केली. त्या म्हणाल्या, "आतां बरे आहेत, भावोजी." मग बराच वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. कोपऱ्यांत पेटीवर एक नवी गोधडी घडी करून ठेविलेली होती. बारीक, सरळ, एकसारखा टांका. आम्हीं विचारलें, तेव्हां त्यांनीं ती उलगडून दाखविली. आमच्या मातोश्रींनीं पूर्वीं कधीं दिलेलीं दोन जुनीं लुगडीं आणि आमच्या दिवंगत बंधूंचें एक धोतर, ह्यांची ती शिवलेली होती. लग्न ठरल्याचें कळलें त्या दिवसापासून चार महिने त्या ती शिवीत होत्या. "मग केळवणास बोलावलें कां नाहीं?" असें आम्हीं विचारलें. तेव्हां त्या म्हणाल्या, "भावोजी, तिकडे चांदीचे करंडे वांटले म्हणतात. तें सारें जेवून आलेल्या मुलीला मी ह्या दोन खोल्यांत बोलावूं आणि हातावर गोधडी ठेवूं? आणि ओवाळायचें कोणीं? तें तर माझ्यानें व्हायचें नाहीं. त्यापेक्षां लग्नानंतर मुकाट्यानें पाठवून देईन, असें ठरवलें होतें."

आम्हीं सदतीस वर्षें मुलांस शिकविलें, परंतु त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. केळवणाची चढाओढ काय करते तें आम्हीं त्या खोलींत पाहिलें. ज्यास ती परवडते त्याचें कांहीं जात नाहीं. ज्यास परवडत नाहीं तो गुडघ्याचें किंवा प्रकृतीचें निमित्त सांगतो, आणि नात्यांतून एक पाऊल मागें सरतो. मुलीभोंवतीं सर्व आप्तांनीं जमावें म्हणून जो आचार निघाला, त्यानेंच तिला दोन वर्षें जेवूं घालणारी बाई दूर लोटली गेली. आणि त्या कामास आम्हीही आमची ठेव मोडून हातभार लावणार होतों.

घरीं येऊन आम्हीं सर्व हकीकत मातोश्रींच्या कानांवर घातली. त्यांचें वय अठ्ठ्याऐंशी. त्यांनीं आमच्या आत्याच्या, म्हणजे त्यांच्या नणंदेच्या केळवणाची आठवण सांगितली. तें वर्ष १९७३. महाराष्ट्रांत दुष्काळ पडलेला. रेशनवर अमेरिकेंतून आलेला तांबडा मिलो मिळे, त्याच्या भाकऱ्या आम्हीं लहानपणीं खाल्लेल्या आहेत. साखर घरांत पुरेशी नव्हती. तेव्हां आळींतील प्रत्येक घरानें एकेक वाटी साखर आणून दिली, आणि आदल्या वर्षीं घरीं वळलेल्या शेवयांची खीर झाली. आत्या आज पंचाहत्तरीच्या घरांत आहेत. त्या केळवणास कोणाकोणाच्या घरची साखर होती, तीं नांवें त्या अजून सांगतात. ही आठवण सांगून मातोश्री म्हणाल्या, "केळवण आपल्या घरीं करा. दोन्ही घरचें मिळून एकच. ओवाळायचें तें तिनेंच. जिनें पोरीला जेवूं घातलें, तिनें ओवाळायचें नाहीं तर कोणीं?" घरांतील एकदोघींनीं रीतीभातीचा प्रश्न काढला. मातोश्री म्हणाल्या, "रीत मी सांगतें आहें ना?" आपस्तंबाचें सूत्र आम्हांस त्या क्षणीं आठवलें, आणि आम्ही गप्प बसलों.

आतां त्या केळवणाचा तपशील देतों. पत्र लिहिणाऱ्या भगिनीस ह्याचाच खरा उपयोग होईल.

पानें बावीस. पहिली पंगत बाराची, दुसरी दहाची. पहिल्या पंगतीस नवरीसह सर्व बायका आणि वाढावयास पुरुष, हा नियम आमच्या सूनबाईंनीं घातला. तो आम्हांस प्रथम अवघड वाटला, पण मागाहून आवडला. पक्वान्न एकच करावें, हा पहिला मंत्र. दोन पक्वान्नें केलीं म्हणजे पैसे दुप्पट लागतात आणि दोहोंपैकीं एकही पोटभर खाल्लें जात नाहीं. आम्हीं श्रीखंड केलें. चार लिटर म्हशीचें दूध दोन दिवस आधीं तापवून विरजलें. आदल्या दिवशीं दही पातळ फडक्यांत बांधून रात्रभर टांगलें. त्याचा सुमारें दीड किलो चक्का झाला. त्यांत सव्वा किलो साखर घालून पुरणयंत्रांतून काढलें, आणि वेलदोडे, थोडें जायफळ व दुधांत खललेल्या केशराच्या चार काड्या घातल्या. बावीस पानांस तें पुरून उरलें. ज्यांच्याकडे पुरणपोळीची चाल आहे त्यांनीं एक किलो हरभऱ्याच्या डाळीस तितकाच गूळ धरावा. त्यांत मध्यम आकाराच्या पंचवीस ते तीस पोळ्या होतात.

बाकीचा बेत साधा. पुऱ्यांस दोन किलो कणीक. शंभरावर पुऱ्या झाल्या. तांदूळ दोन किलो. त्यांतील अर्ध्याचा साधा भात आणि अर्ध्याचा तोंडलीं घालून मसालेभात. एका किलोस दहा ते बारा पानें हा हिशेब भाताच्या बाबतींत सहसा चुकत नाहीं. साध्या वरणास अर्धा किलो तुरीची डाळ. परसांतील अळूची पातळ भाजी, तींत भिजविलेली हरभऱ्याची डाळ व शेंगदाणे. बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी. लोणचें आणि पापड-सांडगे घरचेच, गेल्या उन्हाळ्यांत केलेले. केळीचीं पानें शेजाऱ्यांच्या बागेंतून आलीं. तीं धुऊन, टोंक जेवणाऱ्याच्या डाव्या हातास येईल अशीं मांडलीं. एवढेंसें वळण पाळलें तरी पंगतीस शोभा येते, आणि त्यास कांहीं खर्च पडत नाहीं.

कामाची वांटणी आठ दिवस आधीं कागदावर केली, हा दुसरा मंत्र. एकत्र घरांत माणसें हें मोठें धन असतें, पण तें वेळेवर मोजून ठेवलें नाहीं तर सारा भार दोघीतिघींवर पडतो, आणि मग त्यांस उपाहारगृह बरें वाटूं लागतें. त्यांत त्यांचा दोष कांहींच नाहीं. नारळ खवणणें, लसूण सोलणें, पानें पुसणें आणि पाट मांडणें हीं कामें आम्हां वृद्धांकडे आलीं. पुऱ्या तळण्याकडे चिरंजीव. भांडीं घासण्याची पाळी केळवणाच्या आधींच ठरलेली. हें न विसरावें, कारण बहुतेक घरगुती समारंभांचा आनंद मोरीपाशीं येऊन संपतो.

मैत्रिणींस केळवणांतच बोलावलें, हा तिसरा मंत्र. ब्रायडल शॉवर निराळा आणि केळवण निराळें, असे दोन खर्च करण्याचें कारण नाहीं. पुतणीच्या सहा मैत्रिणी आदल्या सायंकाळींच आल्या. सजावटीचें सारें काम आम्हीं त्यांजवर सोंपविलें. सामान मात्र घरांत असेल तेंच वापरावयाचें, एवढी अट घातली. त्यांनीं फाटक्या जरीच्या साड्यांचे कांठ कापून तोरण केलें, पितळेच्या समया घासून लखलखीत केल्या, पाटाभोंवतीं रांगोळी घातली आणि रात्रीं मेंदी काढली. सकाळीं मोगऱ्याचे गजरे त्यांनींच ओंवले. प्रत्येकीनें नवरीसाठीं एकेक उखाणा रचून आणला होता. त्यांत आमच्या जांवईबापूंच्या विसरभोळेपणावर एक होता. त्यावर मातोश्रीही खदखदून हंसल्या. कोठलेंही भाड्याचें सामान नसतां मुलींची हौस पुरेपूर फिटली, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. अनसूया आणि प्रियंवदा ह्यांच्या कुळांतल्याच त्या.

आहेराविषयीं थोडें. आम्हीं बोलावणें करतांनाच सांगितलें होतें कीं, पाकीट किंवा विकतची वस्तु आणूं नये. आणावयाचें तर हातचें कांहीं आणावें. घरच्या सर्व बायकांनीं मिळून एक वही केली. प्रत्येकीनें आपल्या हातचा एक पदार्थ आपल्याच अक्षरांत, मापासकट, तींत लिहिला. मातोश्रींस लिहिणें होत नाहीं, म्हणून त्यांनीं मेतकूट सांगितलें आणि तें लिहून घेण्याचा मान आम्हांस मिळाला. कोणीं कोंवळ्या तुळशीचें रोप दिलें, तर कोणीं फोडणीची साळुंकी घांसूनपुसून दिली. येणाऱ्यांस आम्हीं चांदी वांटली नाहीं. प्रत्येक सवाष्णीची खणानारळानें ओटी भरली, आणि इतर सर्वांच्या हातीं घरच्या लाडवांची पुडी दिली.

औक्षणाच्या वेळीं वहिनींचा हात थोडा कांपत होता. मुलगी पाटावर बसली होती, ती खालीं वाकली, म्हणजे निरांजन तिच्या चेहऱ्यापर्यंत नीट यावें. औक्षण झाल्यावर वहिनींनीं गोधडी तिच्या मांडीवर ठेविली. तिनें ती तेथेंच उलगडली, लुगड्यांचे रंग ओळखले, धोतराचा पांढरा तुकडा ओळखला, आणि ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. ज्यांनीं पहिलें केळवण केलें ते आमचे सधन बंधूही पंगतींत होते. जातांना ते आम्हांस बाजूस घेऊन म्हणाले, "दादा, आमच्या धाकटीच्या वेळीं असेंच करूं. त्या दालनांत मलाही भलतेंच अवघडल्यासारखें होतें." तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, चढाओढ त्यांसही नको होती, प्रथम थांबावयाचें कोणीं, एवढाच प्रश्न होता. त्यानंतर आमच्या घराण्यांत एक ठराव झाला आहे: केळवण घरीं करावें, पक्वान्न एक करावें, आणि ज्यांस एकट्यानें करणें जड जाईल त्यांनीं दोन घरांनीं मिळून करावें.

खर्चाचा आंकडा सांगावयाचा तर, ज्या दालनाची चौकशी केली होती तेथील बिलाच्या पांचव्या हिश्शाहूनही तो कमी भरला. मुदत ठेव मोडावी लागली नाहीं. त्यांतील कांहीं रक्कम पुढें पुतणीच्या नांवें ठेविली आहे. तिला ती चांदीच्या वीस करंड्यांपेक्षां अधिक उपयोगी पडेल.

आतां त्या भगिनीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. केलेलें कमी दिसूं नये म्हणून काय करावें? आमचें उत्तर असें कीं, कोणाच्या डोळ्यांस कमी दिसूं नये, तें आधीं ठरवावें. मामांच्या चाळीस पानांशीं बरोबरी करावयाची तर पन्नास पानें मांडावीं लागतील, आणि पुढें तुमच्या घराण्यांतील एखाद्या जावेस किंवा नणंदेस साठ. शेवटीं कोणाच्या तरी दोन खोल्यांचें दार लागेल, आणि तें लागल्याचें कोणास कळणारही नाहीं. मुलीच्या डोळ्यांस कमी दिसूं नये, असें म्हणाल तर तिला काय आवडतें, लहानपणीं तिला कोणीं जेवूं घातलें, कोणाच्या हातची आमटी ती मागून घेते, हें घरांतील सर्वांस ठाऊक असतें. तें आठवून त्याची तजवीज करावी. मामांनीं केलें तें प्रेमानेंच केलें असेल. त्यांस नांवें ठेवूं नयेत, उलट त्यांस आपल्या पंगतीस अगत्यानें बोलवावें.

आणि आणखी एक. आमंत्रणांची यादी करतांना शेवटीं एक ओळ रिकामी ठेवावी, आणि अद्यापि कोणाकडून बोलावणें आलें नाहीं, तें कां आलें नाहीं, असें घरांत मोठ्यानें विचारावें. आमच्या घरीं तें सूनबाईंनीं विचारलें म्हणून बरें झालें.

असो. आमची पुतणी आतां परगांवीं असते. गोधडी रोजच्या वापरांत आहे, आणि वहींतील मेतकुटाचें माप एकदां चुकलें, असें तिनें कळविलें आहे. चूक लिहून घेणाऱ्याची, असा मातोश्रींनीं निर्णय दिला आहे. भगिनींनीं दिवस नक्की करण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वडील स्त्रीस विचारावें, आणि मग गवळ्यास दूध वाढवावयास सांगावें. लेखनसीमा.